एक्का-राजा आणि तिसऱ्या मजल्याची किल्ली

आत्याबाईंनी सूनबाईला वेळीच बजावलं होतं. "एक्का-राजा हातात आला म्हणून फुगू नकोस. तो भारी अंगठ्या घातलेला रिकामा हात असतो. मधली तीन पानं उघडली आणि त्यांत तुझं काही निघालं नाही, तर एकदा दार वाजवून बघावं. उघडलं नाही की मुकाट्याने घरी यावं. आणि तुझं काही निघालंच, तर—"

निघालंच तर काय, ते सूनबाईने ऐकलंच नाही. पडद्यामागे बाळ खोकलं होतं. खोकलं म्हणजे, खोकल्यासारखं काहीतरी केलं होतं; नवऱ्याच्या मते ती जांभई होती. पण तोवर सूनबाई उठून गेलीही होती, आणि परत आली तेव्हा विषय बदलला होता. तिनेही उकरून काढला नाही. आत्याबाईंनी जन्मभर लोकांची बाळंतपणं केली, पत्त्यांतलं त्यांना असं काय मोठं कळणार. इथे संख्याशास्त्राची पदवी कुणाकडे आहे? हा विचार तिला पुढे चांगलाच महागात पडला.

पत्त्यांचा अड्डा बसायचा दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं उरकली की. घर वर, शिलाईचं दुकान खाली. कापड बेतायच्या लांब टेबलावरचे कागदी नमुने गुंडाळून ठेवायचे, खडूची पूड फडक्याने पुसायची आणि चार खुर्च्या ओढायच्या. पैशाला कुणी शिवत नसे, खेळायला बटणं. शर्टाची पांढरी हलकी, कोटाची काळी त्याहून वजनदार, आणि एका बाईने शिवायला टाकून कधीच न नेलेल्या झग्याची सोनेरी बटणं सगळ्यांत भारी. बाळाचा पाळणा कपडे घालून बघायच्या खोलीत, आरशासमोर. मध्ये एक पडदा आणि तीन पावलं. तरी सूनबाई दर डावाला उठून पडदा सारून बघून यायचीच. छाती वरखाली होतेय ना, हे ती आधी बाळाकडे बघून ठरवायची आणि मग खात्रीसाठी आरशात.

नवरा शिंपी, त्याला सगळे मास्तर म्हणत. पत्त्यांतही तो शिंपीच राहायचा: दोनदा माप घ्यायचा आणि मग कापायचाच नाही. हातात जोडी आल्याशिवाय त्याचं बटण हलत नसे, आणि टाकलेली पानंसुद्धा तो इस्त्री केल्यासारखी कडेला कड लावून ठेवायचा. तिसरे घड्याळजी, शेजारच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करणारे. गावभरची घड्याळं वेळेवर आणणारा हा माणूस स्वतःची पाळी आली की इतका विचार करत बसे, की तेवढ्यात चहा निवायचा आणि कुणीतरी दुसरा करून आणायचं.

चौथ्या आत्याबाई, नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. चाळीस वर्षं सुईणपण केलेलं. पोकर त्या बाळंतिणींच्या दाराबाहेर ताटकळत बसलेल्या बापांकडून शिकल्या होत्या. त्यांचं म्हणणं, दोन्हीकडे काम एकच. बराच वेळ काही करायचं नसतं, मग एकदाच करायचं असतं, आणि मधल्या वेळात लोक उगाच पाणी तापवत बसतात.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग मध्ये तीन पानं एकदम उघडी पडतात, मग एक, मग शेवटचं एक. मधली पानं सगळ्यांची. त्यांत आपली दोन मिसळून ज्याचा मेळ भारी, त्याचा डाव. दर टप्प्याला बटणं लावायची. समोरच्याने लावली की तेवढी भरायची, वाढवायची, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. दार वाजवणं म्हणजे हातात काही नसतानाही असल्याच्या रुबाबात बटणं सरकवणं. समोरचे घाबरून पत्ते टाकतील तर डाव आपला.

सुरुवातीलाच एक्का-राजा येणं हे मोठं सुख, पण ते दिसायचंच सुख. त्या दोघांची आपसांत जोडी नसते. मधल्या तिघांत एखादा एक्का नाहीतर राजा निघाला तरच जोडी जमते, आणि तसं साधारण तीनांत एकदाच होतं. सूनबाईला हे पाठ होतं, मागितलं तर ती कागदावर मांडूनही दाखवी. फक्त एक्का-राजा प्रत्यक्ष हातात आला, की तिचं संख्याशास्त्र माहेरी जायचं.

एकदा तिच्याकडे बदामचा एक्का आणि चौकटचा राजा होता. तिने ऐटीत बटणं लावली, तिघंही आत आले. मध्ये उघडली किलवरची सत्ती, अठ्ठी आणि नव्वी: एका रंगाची, एका रांगेत, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी. तिघांतल्या कुणाकडे ना कुणाकडे यातलं काहीतरी असणार, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. अशा ठिकाणी दार वाजवायचीही सोय नसते. सूनबाईने वाजवलं. आत्याबाईंनी पत्ते टाकले, नवऱ्याने टाकले, घड्याळजींनी चहा संपवून तेवढीच बटणं भरली. पुढे पंजी आली, तिने पुन्हा वाजवलं. शेवटी राणी आली, तिने दारावर लाथच घातली. घड्याळजींनी ओशाळं हसत दश्शी आणि छक्की मांडली, सहापासून दहापर्यंत सरळ रांग. सूनबाईकडे काय होतं? अंगठ्या होत्या.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, जोवर आत्याबाई स्टुलावरून पडल्या नव्हत्या तोवर.

त्यांचं घर समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आणि राहायच्या एकट्या. स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून त्या स्टुलावर चढल्या आणि स्टुलाने साथ सोडली. हाड मोडलं नाही, उजवं मनगट तेवढं सुजलं. घरच्यांना कळलं चौथ्या दिवशी, तेसुद्धा आत्याबाई आज डाव्या हाताने पत्ते का वाटतायत असं घड्याळजींनी विचारलं म्हणून. सूनबाईने हिशेब केला. चार दिवस. चार दिवसांत जमिनीवर पडलेल्या माणसाचं काय काय होऊ शकतं याची तिच्या डोक्यात यादीच तयार झाली, आणि ती यादी तिने नवऱ्याला जेवताना वाचून दाखवली. नवरा दोन घास कमी जेवला.

त्यात आणखी एक गोष्ट होती, जी तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. बाळ होण्याआधी ती दिव्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. हजारात दोन दिवे वाईट निघाले तर चालतात, असा तिथला नियम. ते दोन कुणाच्या तरी घरी जात असतील, हे इतक्या वर्षांत तिच्या मनात आलं नव्हतं. आत्याबाईंच्या ओट्यावर गेलेल्या दिव्याचं खोकं पडलं होतं. तिने उलटं करून बघितलं. खाली तिच्याच हातचा शिक्का होता.

तेव्हापासून ती बाळाला कडेवर घेऊन रोज सकाळी तीन जिने चढायला लागली. चौथ्या दिवशी आत्याबाईंनी दारातच विचारलं, "मी आहे की नाही बघायला आलीस, की चहाला?"

"दोन्हीला."

"मग चहा तूच कर. मी आहे हे तुला कळेल, आणि मलाही बरं वाटेल."

चहा पिता पिता सूनबाईने विषय काढला. एक जादा किल्ली आमच्याकडे ठेवा, आणि आतून कडी लावू नका. बस, एवढंच. आत्याबाईंनी बशीतला चहा संपवला. किल्ली दिली की तू दिवसातून तीनदा येऊन माझ्या नाकाशी बोट धरशील, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी काही पाळण्यातली नाही. सूनबाईने पुढचे आठ दिवस निरनिराळ्या वाटांनी तोच विषय काढला. एकदा तर तिने बाळाला किल्ल्यांचा जुडगा खेळायला दिला, आणि बाळ तो सोडत नाही तेव्हा त्यालाच किल्ली हवी आहे असं सुचवलं. शेवटी आत्याबाईंनी हात टेकले, पण भलत्याच बाजूने.

"येत्या सुट्टीला खेळू," त्या म्हणाल्या. "माझी सगळी बटणं तू जिंकलीस तर किल्ली तुझी, आणि कडी लावणार नाही. तुझी मी जिंकली, तर महिनाभर माझी चौकशी बंद. यायचं नाही, विचारायचं नाही, निरोप धाडायचा नाही. तू नाही, तुझा नवरा नाही, घड्याळजी नाहीत. महिनाभर पत्तेही बंद. नीट पाळलंस तर पुन्हा डाव मांडू. मोडलंस, तर किल्लीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

सूनबाईने अट मनाशी पुन्हा म्हणून बघितली. महिनाभर चौकशी बंद! ती शेजारच्या मांजरीचीसुद्धा एक दिवसाआड चौकशी करायची. पण किल्ली मिळण्याचा दुसरा रस्ता दिसत नव्हता. ती हो म्हणाली आणि घरी येऊन तिने पत्ते पिसायला घेतले.

डावाला तीन दिवस होते तेव्हाची गोष्ट. नवरा कोटाला काजं करत बसला होता आणि ती समोर पानं मांडून सराव करत होती. तो सहज बोलून गेला, की तू जिंकशील गं, फक्त मध्येमध्ये उठत जा. तिने विचारलं, म्हणजे काय. नवऱ्याने तोंडात धरलेल्या टाचण्या काढायला गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

"तू एरवी दर डावाला बाळाला बघून येतेस," तो म्हणाला. "पण भारी पानं आली की उठत नाहीस. एक्का-राजा आला की मग बाळ गायला लागलं तरी हलत नाहीस. आम्ही बघतो. आमच्याकडे काही नसलं तर टाकून देतो, आणि तुझ्याहून भारी असलं तर मजेत थांबतो."

"कधीपासून?"

"बाळ झाल्यापासून."

"आठ महिने. आणि नवरा असून सांगितलं नाहीस."

"पत्त्यांत कुठे कोण नवरा असतो?"

पत्ते खेळणारी म्हणून तिला राग आला, तो तिने तिथल्या तिथे नवऱ्यावर काढला. पण आई म्हणून जे काही झालं ते तिने गिळलं. दोन पुठ्ठ्याच्या तुकड्यांसाठी आपण पोटचं पोर विसरतो. तेही दरवेळी, आणि घड्याळजींना दिसेल इतकं. ती आत जाऊन झोपलेल्या बाळाची माफी मागून आली, त्यात बाळ उठलं.

पण पदवी काही फुकट घेतली नव्हती. तिला उपाय सुचला. मनाला येईल तेव्हा उठायचंच नाही. घड्याळ वाजलं की उठायचं, पानं कशीही असोत. घड्याळजींकडे एक गजराचं घड्याळ धूळ खात पडलं होतं, ते तिने मागून आणलं. बाळाच्या औषधाच्या वेळेसाठी, असं सांगितलं. घड्याळजींनी दर पंधरा मिनिटांनी वाजेल असं लावून दिलं आणि एकच सूचना केली, की वाजताना धरून ठेवा, ते चालायला लागतं.

सुट्टीचा दिवस उजाडला. टेबल पुसलं गेलं, बटणांचे चार सारखे वाटे झाले. आत्याबाईंनी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवलेली किल्ली काढून शिलाईयंत्रावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. सूनबाईने टेबलावर आपल्या हाताशी घड्याळ ठेवलं. बाळ पाळण्यात झोपलं. चौघांनी पानं उचलली.

पहिला तासभर सूनबाई अशी खेळली, की आपण इतके दिवस काय करत होतो असं तिचं तिलाच वाटलं. घड्याळ वाजायचं, टेबलावरून तुरुतुरु चालायला लागायचं, ती ते दाबायची आणि उठायची. हातात रद्दी असो नाहीतर राण्यांची जोडी, उठायची म्हणजे उठायची. घड्याळजी गोंधळले. राण्यांच्या वेळी ती पडद्याआड गेलेली बघून त्यांनी खुशाल बटणं लावली आणि निम्मी घालवून बसले. आपणच दिलेल्या घड्याळाकडे ते मग फितूर नोकराकडे बघावं तसं बघायला लागले.

मग तिच्या हातात एक्का-राजा आला आणि समोर एकटा नवरा उरला. मध्ये राणी, छक्की, तिर्री उघडली, तिन्ही वेगळ्या रंगांची, एकमेकींशी बोलणं नसलेली. तिचं त्यात काही नव्हतं. पण नवऱ्याचंही काही असेल असं दिसत नव्हतं. तिने एकदा दार वाजवलं, हळूच, पाहुण्याने वाजवावं तसं. नवऱ्याने आपल्या पंज्यांच्या जोडीकडे बघितलं, मधल्या राणीकडे बघितलं, आणि पानं घडी करून ठेवली. डाव तिचा. तिला आत्याबाईंच्या बोलण्यातलं इंगित त्या दिवशी कळलं.

पुढच्या वेळी एक्का-राजा आला तेव्हा समोर आत्याबाई होत्या. मधल्या पानांत पुन्हा तिचं काही नाही. तिने वाजवलं. आत्याबाईंनी शांतपणे तेवढीच बटणं भरली, म्हणजे दार काही उघडलं नाही. चौथं पानही तिचं नव्हतं. पूर्वीची सूनबाई आता दाराला टक्कर द्यायला निघाली असती. ही सूनबाई मुकाट्याने घरी आली. एक्का आणि राजा दोघांना पालथं घालून तिने दूर सरकवलं.

आत्याबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "शिकलीस की गं."

सूनबाईला एवढा आनंद झाला, की वेळ नसताना ती बाळाला बघून आली.

चार वाजेपर्यंत नवऱ्याची बटणं संपली. तो चहा टाकायला उठला. मग घड्याळजींची संपली, तीही बहुतेक एकाच डावात. पंचवीस मिनिटं विचार करून त्यांनी चुकीचं केलं. उरल्या दोघी. ढीग जवळपास सारखे, आत्याबाईंचा थोडा उंच. सूनबाईने किल्लीकडे बघितलं. साधी पितळी किल्ली, दाते झिजलेले. तिच्या डोळ्यांसमोर ती आपल्या दारामागच्या खिळ्याला लटकलेली दिसायला लागली.

पानं वाटली गेली. तिने कोपरे उचलून बघितलं. इस्पिकचा एक्का, बदामचा राजा.

तिने बटणं लावली, आत्याबाईंनी भरली. मधली तीन पानं उघडली: चौकटचा राजा, किलवरची सत्ती, इस्पिकची दुर्री.

राजा आला. राजांची जोडी जमली, वर एक्क्याचा आधार. तीनांत एकदा होतं ते बरोबर आज झालं. सूनबाईने चेहरा सरळ ठेवला आणि मोजून बटणं सरकवली, जास्त नाही, घाबरवणारी नाही. आत्याबाईंनी भरली. चौथं पान नव्वी. निरुपद्रवी. सूनबाईने आणखी सरकवली, या वेळी सोनेरी. आत्याबाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

आणि घड्याळ वाजलं.

वाजलं आणि चालायला लागलं, थेट बटणांच्या ढिगाकडे. सूनबाईने त्याच्यावर पंजा ठेवून त्याचा आवाज बंद केला. डोळे पानांवरच होते. "असू दे," ती म्हणाली, "आत्ताच तर बघून आले."

नवरा चहा गाळत होता, त्याचा हात तसाच थांबला आणि चहा बशीत गेला. घड्याळजी छताकडे बघायला लागले. आत्याबाईंनी चष्मा परत घातला, पडद्याकडे बघितलं, सूनबाईकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी आपला सगळा ढीग पुढे लोटला.

तेव्हा कुठे सूनबाईला कळलं आपण काय केलं ते. उठली नव्हती. घड्याळ वाजून उठली नव्हती. आता टेबलावर तिची पानं उघडी पडल्यातच जमा होती. आत्याबाईंना ठाऊक होतं तिच्याकडे राजा आहे, आणि ठाऊक असून त्यांनी सगळं लावलं होतं. आठ महिन्यांत त्यांनी रिकाम्या हाताने सगळं कधी लावलेलं तिला आठवत नव्हतं. राजांच्या एका जोडीला मागे टाकणारं त्यांच्याकडे काहीतरी होतं. संख्याशास्त्र म्हणत होतं टाक. आत्याबाईंच्या शांत हातांकडे बघून कुणाही तपासनिसाने हेच सांगितलं असतं. टाकून दिलं असतं तरी तिचा निम्मा ढीग शिल्लक होता, दुपार शिल्लक होती.

पण शिलाईयंत्रावर किल्ली होती, आणि हातात राजा. इतक्या महिन्यांनी आलेला, स्वतःच्या पायांनी चालत आलेला. त्याला कसं हाकलायचं?

तिने सगळी बटणं पुढे लोटली.

आत्याबाईंनी आपली दोन पानं उलटी केली. दुर्री आणि दुर्री. मधली धरून तीन दुर्र्या. पत्त्यांतल्या सगळ्यांत गरीब घरच्या तिघी बहिणी, आणि त्यांनी राजांना दारातच अडवलं. शेवटचं पान गुलाम निघालं. त्याने कुणाचंच भलं केलं नाही.

सूनबाई उठली ती तडक पडद्याआड. बाळ जागं होतं. पायातला मोजा काढून ते चघळत होतं, आणि आरशातल्या दुसऱ्या बाळालाही मोजा चघळताना बघून खूश होतं. तिने त्याला उचललं, मोजा काढून घेतला, छाती वरखाली होतेय ना ते बघितलं. होत होती.

ती बाहेर आली तेव्हा आत्याबाई किल्ली परत दोऱ्यात ओवत होत्या. "बघ," त्या म्हणाल्या. "एकदा गेली नाहीस, तरी पोर आहे ना जागच्या जागी?"

"ते पाळण्यात आहे, आत्या. स्टुलावर नाही."

आत्याबाई पत्त्यांवर आल्या. "त्या दिवशी माझं बोलणं अर्धं टाकून उठलीस, म्हणून हे झालं. काही निघालंच, तर पाहुण्यासारखं बसावं, खुर्चीच्या कडेला. एकच तर जोडी असते. यजमान उठून उभा राहिला, की आपण चपला शोधाव्यात. तू पाय पसरून बसलीस."

मग त्यांनी बाळाचा गाल ओढला, सूनबाईच्या डोक्यावरून हात फिरवला, तो उजवा होता आणि अजून पुरता वळत नव्हता, आणि त्या निघाल्या. सूनबाई दारात उभी राहून रस्त्यापलीकडच्या जिन्यातली पावलं ऐकत राहिली. अठ्ठेचाळीस पायऱ्या. पंचेचाळिसाव्या पायरीला एक ट्रक आला.

आज त्याला अठरा दिवस झाले. सूनबाईने शब्द पाळलाय, कारण मोडला तर किल्ली कायमची गेली. पहिल्या आठवड्यात घड्याळजींनी स्वतःच्या मनाने एक प्रयत्न केला: त्या इमारतीखाली उभे राहून जोरात खोकले. वरून आवाज आला, घड्याळजी, खोकला असेल तर औषध घ्या. सूनबाईला तो दिवस फार सुखाचा गेला. मग तिच्या मनात आलं की बाळ बोलत नाही, म्हणजे ते चौकशी करत नाही, तेव्हा बाळाला पाठवायला हरकत नाही. आठ महिन्यांचं पोर तीन जिने चढणार कसं, एवढंच नवऱ्याने विचारलं.

आता ती खिडकीतून बघते. समोरच्या बाल्कनीतल्या दोरीवर रोज सकाळी टॉवेल बदलतो. परवा निळा होता, काल पट्ट्यापट्ट्यांचा, आज पुन्हा निळा. म्हणजे माणूस चालतंफिरतंय. पण टॉवेल हा अर्धाच पुरावा झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवेलागणीला उजेड दिसायचा, तो परवापासून दिसत नाही. म्हणजे दिवा गेला. म्हणजे आत्याबाई एकतर अंधारात चहा करतायत, नाहीतर स्टुलाकडे बघतायत.

तुमचं तसं नाही. तुम्ही त्या टेबलाशी बसला नव्हता, अटीत तुमचं नाव नाही. तेव्हा त्या बाजूला जाणं झालं तर एवढं कराच. तिसरा मजला, डावीकडचं दार, हिरवं पायपुसणं. घड्याळजींच्या दुकानात काउंटरवर एक दिवा ठेवलाय, तो घेऊन जा. सूनबाईने तीनदा लावून-विझवून बघितलाय आणि तो दुसऱ्या कारखान्याचा आहे. कुणी पाठवलं विचारतील. कुणी नाही म्हणा, विकायला आलोय म्हणा. स्टुलावर तुम्ही चढा, त्यांना चढू देऊ नका. चहा विचारला तर घ्या, आणि कप उजव्या हाताने देतात का ते बघा. दार एकदाच वाजवा, बडवलेलं त्यांना खपत नाही. पण उघडलं नाही, तर मात्र घरी येऊ नका.